टोमॅटोसाठी शॉकअप

माझ्या सासऱ्यांना घरात सगळे आबा म्हणत, मीही आबाच म्हणे. आबांना उसाचं वेड होतं. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. कारखाने उभे राहत होते आणि आमच्या निरवांगीत ज्याच्या त्याच्या तोंडी ऊस होता. कॅनॉलचं पाणी मिळत असताना माणूस दुसरं काही लावतो, हे आबांच्या डोक्यातच शिरत नसे. तरीही विहिरीजवळचा एक तुकडा मी हट्टानं मागून घेतला आणि त्यात टोमॅटो लावले. लग्न होऊन आल्यापासून मी या घरच्या रानात राबत होते, पण तो तुकडा मी माझा म्हणून राबले. रोपं मी लावली, आधाराच्या काठ्या मी रोवल्या, पाण्याच्या पाळीला दारं मी धरलं. झाडं अशी लगडली की शेजारच्या बायका बांधावर थांबून बघत, आणि आपल्याला ते दिसतच नाही असं मी दाखवी.

आता ते बारामतीच्या बाजारात न्यायचे कसे? बैलगाडीला इतका वेळ लागे की उन्हानं माल मऊ पडे. पण आमच्याकडे जीप होती. नवऱ्यानं ती लष्कराच्या लिलावात घेतली होती. लढाईत कुठं कुठं फिरून आलेली, रंगाच्या पोपड्यांखाली अजून पांढरा तारा दिसणारी. चढ म्हणू नका, ओढा म्हणू नका, ती कुठूनही जायची. फक्त जाताना उडायची. एका खड्ड्यात गेली की पुढची तीन शेतं उसळत राहायची.

पहिली खेप बारामतीत उतरवली तेव्हा करंड्यांच्या बुडातून लाल रस गळत होता. आमचा माल विकणारा अडत्या म्हणाला, “वहिनी, पुढच्या टायमाला करंडी नगं, घागरी आणा.” भोवतालचे हसले. मी म्हटलं, “आणीन की, तुमच्याच डोक्यावर ओतायला.” हे मी मनात म्हटलं असं लिहायला हवं, पण मी मोठ्यानंच म्हटलं होतं.

घरी आल्यावर आबांनी रिकाम्या करंड्या हुंगल्या आणि निकाल दिला. “आजून एक खेप बघतो. माल धड पोचला तर रान तुझं, मी मधी पडणार न्हाय. न्हाय पोचला तर सऱ्या पाडायच्या आन् ऊस लावायचा.” बोलणं सरळ होतं. भांडायला जागाच नव्हती, म्हणून मला जास्तच राग आला. लावणीसाठी उसाचं बेणं त्यांनी दुसऱ्याच दिवशी सांगून ठेवलं.

नवरा जीपखाली शिरला आणि तोंड काळं करून बाहेर आला. “अगं, शॉकअपच गेल्यात,” म्हणाला. शॉक अब्सॉर्बरला आमच्याकडे सगळे शॉकअप म्हणत. चाकाजवळ, वरून जीपच्या सांगाड्याला आणि खालून स्प्रिंगला अडकवलेली ती जाड नळकांडी. एक नळी दुसरीत सरकते, आत तेल असतं, आणि त्या तेलामुळं गाडी दबली तरी चेंडूसारखी उसळत नाही. आमच्या जीपचं तेल कधीच गळून गेलं होतं. नवरा पुण्याला गेला, जुन्या बाजारातून चार शॉकअप घेऊन आला. मळकट कागदात गुंडाळलेले, पण कोरे.

दुपारी जीप लिंबाखाली घेतली. जुने शॉकअप काढायला घासलेट लागलं, हातोडा लागला, आणि नवऱ्याच्या शिव्या लागल्या. नवे बसवायची वेळ आली तेव्हा त्यांच्या टोकाच्या कड्यांतले रबरी बुश, म्हणजे रबराचे जाड वेढे, जीपच्या खुंट्यांवर चढेनात. नवरा तेलाचा डबा घ्यायला उठला. मी म्हटलं, “तेल नगं, तेलानं रबर फुगतंय.” कासारीण बांगड्या भरताना हाताला साबण लावते, तसा मी साबणाचा फेस लावला. बुश सुळकन चढले. माझ्या नवऱ्याला बायकोची तारीफ करायची सवय नव्हती. तो नुसता “हं” म्हणाला, पण तो हं मी ओळखून होते.

बसवताना एकच प्रश्न पडला. शॉकअपचं एक टोक जाड, एक बारीक. दोन्ही टोकांची कडी सारखी, कसंही बसतं. जाड बाजू वर घ्यायची की खाली? आबा खाटेवरून म्हणाले, “बूड खालीच आसतंय. तांब्या काय उलटा ठिवतात व्हय?” नवऱ्याला ते पटलं, मलाही पटलं. आमच्या घरात तिघांचं एकमत क्वचित व्हायचं, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. चारही शॉकअप जाड बाजू खाली करून बसवले, वॉशर घातले, खिळी घालून त्यांची टोकं वळवली.

मग नवऱ्यानं जीपचा पुढचा कोपरा जोर लावून दाबला आणि सोडला. जीप उसळली. पुन्हा उसळली. तिसऱ्यांदाही उसळली.

“नव्या शॉकअपनं झ्याक उडतीय,” आबा म्हणाले.

नवरा मटकन बसला. पुण्याच्या दुकानदारानं फसवलं, असं त्यानं जाहीरच केलं. टोमॅटो झाडावर लाल झाले होते, ते थांबणार नव्हते. मला रडू येत होतं, आणि रडू आलं की माझे हात काहीतरी करायला लागतात. मी पुढचा एक शॉकअप काढला आणि दोन्ही हातांनी ओढून बघितला. पोकळ. दाबला. पोकळ. तसाच उलटा करून, जाड बाजू वर धरून, पुन्हा ओढला. पहिल्यांदा पोकळ, दुसऱ्यांदा थोडा अडखळला, आणि मग एकदम जड झाला. दंडाला ओढ बसली.

ही ओढ माझ्या ओळखीची होती. माहेरी इंदापुरात आमच्या अंगणात हातपंप होता. त्याचा दांडाही सुरुवातीला असाच रिकामा हलायचा, मग पाणी धरायचा आणि जड व्हायचा. पंपाचा दांडा वर असतो आणि पाणी खाली. पंप उलटा टांगला तर तो हवाच उपसणार!

“अवो, उलटं बसवल्यात!” मी ओरडले. “जाड हाय ते बूड न्हाय, ते टोपण हाय. तेल ह्या बारीक बाजूला हाय!”

नवऱ्यानं शॉकअप माझ्या हातून घेतला. सरळ धरून ओढला, उलटा धरून ओढला, पुन्हा सरळ. त्याचा चेहरा पसरत गेला. चारही काढले, उभे धरून हवा जाईपर्यंत ओढले, दाबले, आणि टोपणाची बाजू वर करून बसवले. या वेळी जीप दाबली तर ती वर आली आणि म्हशीसारखी गप्प उभी राहिली. मी टाळ्या पिटल्या. सुनेनं सासऱ्यासमोर टाळ्या पिटायच्या नसतात, पण पिटल्या.

आबा म्हणाले, “बाजारात बघू.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच माल भरला आणि आबा पटका बांधून पुढच्या सीटवर, जीप चालवणाऱ्या नवऱ्याशेजारी जाऊन बसले. साक्षीदार म्हणून. मी मागं करंड्यांत. गाडीवाटेच्या चाकोऱ्या आल्या, मी डोळे मिटले. जीप खाली गेली, वर आली, आणि बस. ओढ्याचे गोटे आले, कॅनॉलच्या मोऱ्या आल्या. एकाही करंडीला मी हात लावला नाही. काटेवाडी मागं पडली तेव्हा मी गुणगुणत होते. आबा मागं वळून बघत नव्हते, पण त्यांचा पटका जागचा हलला नव्हता हे मी बघत होते.

बाजारात अडत्यानं वरचे चार टोमॅटो चाचपले आणि मान हलवली. तेवढ्यानं आबांचं समाधान झालं नाही. “पार बुडापातुर वत,” म्हणाले. अडत्यानं करंडी पोत्यावर पालथी केली. टोमॅटो गडगडत पसरले. अगदी तळाचे, ज्यांच्यावर सगळा भार होता, तेही घट्ट आणि तकतकीत. आबा उकिडवे बसले आणि एकेक हातात घेऊन फिरवून बघू लागले. त्यांना चिरलेला एकही मिळाला नाही.

व्यापारी जमले. लिलाव सुरू करण्याआधी मालकाचं नाव मोठ्यानं पुकारायची पद्धत होती. अडत्यानं सवयीनं आबांचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

“थांब,” आबा म्हणाले. “माल माझा न्हाय.”

“मग पोराचा म्हणू?”

“त्याचाबी न्हाय.” आणि आबांनी त्याला माझं नाव सांगितलं.

त्या घरात मी सूनबाई होते, अगं होते, वहिनी होते. सासऱ्यांनी माझं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांना ते ठाऊक आहे की नाही, याचीच मला शंका होती. त्यांनी ते सगळ्या बाजारासमोर, माझ्या माहेरी म्हणतात तसं, पुरतं घेतलं. अडत्याला ते नीट ऐकू गेलं नसावं, म्हणून त्यांनी पुन्हा एकदा घेतलं, या वेळी जोरात.

मग अडत्यानं हात वर करून ते पुकारलं.