मधली शीर

डॉक्टरांनी कागदावर माझ्या मुलीच्या यकृताचं चित्र काढलं आणि त्यावर पेन्सिलीनं रेघ ओढली. उजवा भाग मला मिळणार होता. माझं यकृत मी दारूत घालवलं.

"बाबा, हे तरी जपून वापरा हं," मनू हसली.

"मधली मोठी शीर हिच्याकडेच ठेवू," डॉक्टर म्हणाले, "म्हणजे हिला धोका कमी. तुमचं रक्त वाहायला दुसरी शीर जोडू."

बापाला हायसं वाटायला हवं होतं. मला धडकी भरली. भीतीनं माणूस इतका आकसतो, की त्यात बापपणही मावत नाही. ती रेघ तिच्या बाजूला थोडी सरकावी, असं मला वाटलं.

तेवढ्यात मनूच पुढे वाकली. "डॉक्टर, बाबांना कमी पडणार असेल, तर तीही शीर घ्या ना."

मी 'नको' म्हणालो नाही.