ताईचे सासरे आणि टाचण्या

माझ्या ताईच्या सासऱ्यांइतका किड्यामुंग्यांचा मान राखणारा माणूस अख्ख्या सातारा-सांगलीत झाला नसेल. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन ते आष्ट्याला ऊस करू लागले; पण चित्त उसात कमी आणि पाटाच्या कडेला उडणाऱ्या, सुईसारख्या बारीक अंगाच्या टाचण्यांत जास्त. टाचणीला कुणी चतुर म्हटलं की घराण्याची बदनामी झाल्यासारखे ते उसळत. "आरं, चतुर पंख पसरून बसतो, टाचणी मिटून बसती. भाऊबंद खरं, पर चूल येगळी!" एकदा इस्लामपूरहून येताना कंडक्टरनं एसटीत शिरलेल्या टाचणीला माशी म्हटलं. माशीला पंख दोन, हिला चार, हिची पिल्लं पाण्यात वाढतात, मोठेपणी ही डास खाते, हे त्यांनी इतक्या तळमळीनं समजावलं, की तो घंटी मारायचं विसरला आणि गाडी आष्टा सोडून पुढे गेली.

पंचाहत्तर सालाच्या आसपास ताईच्या लग्नाची बोलणी करायला ते कोरेगावला आमच्या घरी आले. चहा घेताना टाचणीपुराण झालंच. मग ऐन बैठकीत ते उठले आणि अनवाणीच मागच्या दारानं गेले. अर्धा तास झाला. व्याही रुसले म्हणून आमच्या वडिलांचा, आण्णांचा चेहरा उतरला. मी शोधायला गेलो, तर स्वारी ओढ्यात गुडघाभर पाण्यात. "हलू नगंस गड्या, अंडी घालतीया!"

कसंबसं त्यांना परत आणलं. आण्णांचा तोल गेला. "आवं, हितं पोरीच्या जल्माचा सवाल हाय, आन तुमी चतुर बघत बसलाय?"

लग्न मोडलंच, असं मला वाटलं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून ताईचा आवाज आला. चहाच्या वेळचं सगळं तिनं आतून ऐकलं होतं.

"आण्णा, चतुर न्हवं. टाचणी म्हनत्यात तिला."

सुभेदार ओल्या धोतरानिशी ताठ उभे राहिले. "लेक आमाला द्या. दुसरं काय बी नगं."

पुढे चारेक वर्षांत त्यांना मोतीबिंदूनं गाठलं, आणि उसावरच्या फवारण्यांनी पाटावरच्या टाचण्या दिसेनाशा झाल्या. तरी ताई रोज दुपारी त्यांचा हात धरून पाटावर नेई. एका हिवाळ्यात मीही बरोबर होतो.

"हैत का गं?" त्यांनी विचारलं.

पाण्यावर काहीच नव्हतं. "हैत की, मामा. दोन निळ्या, येक लाल."

"थंडीची लाल कुठनं आली?"

ताईचे डोळे भरून आले.

"असंल, असंल," म्हातारा हळूच म्हणाला, आणि त्यानं तिचा हात आणखी घट्ट धरला.