सोन्याचं पोट आणि दारात पोलीस

आमच्या दारात एकदा पोलीस आले होते आणि त्यांना मीच माझ्या तोंडाने बोलावलं होतं. फक्त मी त्यांना बोलावलंय, हे मला माहीत नव्हतं. चहा घ्या, सांगते सगळं. हसायचं ते शेवटी हसा, कारण मला आजही ते आठवलं की आधी भीती वाटते आणि हसू मागाहून येतं.

आम्ही मावळात, कान्ह्याला राहतो. मी शाळेत मराठी शिकवते. हो, मराठीच. मुलांना सांगत असते की बाळांनो, वाक्यात कर्ता स्पष्ट पाहिजे, नाहीतर ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. नितीन, म्हणजे माझा नवरा, तळेगावला कंपनीत शिफ्टला जातो. घरात आम्ही दोघंच. मग सोन्या आला.

तिकोणा पेठेला नितीनची मावशी असते. तिच्या शेतावरच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. आम्ही सहज भेटायला गेलो, तर मावशी म्हणाली, "सा हाईत. एकटीला पाजवना झालंया तिला. न्या त्यातलं एक. आवडंल ते उचला."

आम्ही तपकिरी रंगाचं, एक कान दुमडलेलं उचललं. येताना ते माझ्या ओढणीत झोपलं आणि मी तिथेच संपले. इतकी जीव लावून बसले की नितीन म्हणाला, "वैशाली, तो कुत्रा आहे, तुझी परीक्षा नाही." पण मला ती परीक्षाच वाटत होती.

पहिल्या संध्याकाळी सोन्याला वाटीभर दूध दिलं. सकाळी पोर्चमध्ये पाहिलं, तर काय म्हणू, तुम्ही चहा पिताय. पातळ पिठलं. तेव्हापासून आमच्या घरात पिठलं झालेलं नाही.

आता लहान पिल्लाचं पोट बिघडतं, त्यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्या मागच्या गल्लीत एक पिल्लू होतं. संध्याकाळी मुलांच्या पायात खेळायचं. त्याला असेच जुलाब लागले आणि बघता बघता ते गेलं. त्या घरातल्या काकांनी त्याचा पट्टा अजून खुंटीवर ठेवलाय. त्यांनीच मला त्या आजाराचं नाव सांगितलं, पार्व्हो. ते नाव माझ्या मानगुटीवर बसलं ते उतरेचना. वर्गात फळ्यावर लिहिताना मनात पार्व्हो. भाजी चिरताना पार्व्हो.

मग मी उपाय सुरू केले. शेजारचे आबा कुंपणावरून म्हणाले, "दूध बंद करा. ताक द्या, ताक. पोट गार ऱ्हातंय." ताक दिलं. वाढलं. माझी आई फोनवर म्हणाली, दही-भात. दिला. जरा बरं वाटलं, म्हणून मला वाटलं आता ताकद यायला हवी, तर उकडलेलं अंडं दिलं. परत पिठलं. मग मोबाइलवर वाचून लाल भोपळा. मग पाकिटातलं खाणं. मग चिकनचं सूप. मग नाचणीची पेज. मध्ये नितीन चहाबरोबर बिस्किटाचा तुकडा टाकायचा तो वेगळाच. सोन्या बिचारा सगळं खायचा. मी समोर काय ठेवीन त्याकडे विश्वासाने बघायचा, आणि तो विश्वासच मला जास्त घाबरवायचा.

त्या रविवारी नितीन पहिल्या शिफ्टला गेला होता. मी भातात जरा भोपळा कालवून सोन्याची वाटी खाली ठेवली, तर तो उठलाच नाही. माझी चप्पल त्याच्या तोंडाजवळ पडली होती आणि तो ती चावत नव्हता. तुम्ही पिल्लू पाळलं नसेल तर तुम्हाला याचा अर्थ कळणार नाही. चप्पल समोर आहे आणि तो चावत नाही.

जवळचा जनावरांचा दवाखाना रविवारी बंद. मी शाळेच्या शिक्षकांच्या ग्रुपवर लिहिलं, "सोन्याचं पोट परत बिघडलंय. आज उठतच नाहीये. आत्ता भेटेल असा चांगला डॉक्टर सांगा. लवकर."

सोन्या कोण हे त्या ग्रुपवर सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या फोटोंनी मी त्यांना भंडावून सोडलं होतं. माहीत नव्हतं ते एकट्या तन्वी मॅडमना, कारण त्या आमच्या शाळेत नुकत्याच रुजू झाल्या होत्या. आणि नेमकं त्यांचंच उत्तर पहिलं आलं. एक फोन नंबर, आणि खाली, "तळेगावच्या डॉक्टर आहेत. फार प्रेमळ. रविवारीही फोन घेतात."

मी श्वासही न घेता फोन लावला.

"मॅडम, सोन्याला जुलाब लागलेत. थांबतच नाहीत. आज तर डोळे उघडून नुसता बघतोय."

"घाबरू नका," पलीकडून खरंच प्रेमळ आवाज आला. "वय काय?"

"अडीच महिने."

"आईचं दूध चालू आहे ना?"

"नाही हो. आईपासून तोडलंय त्याला. ती तिकोणा पेठेला असते."

"म्हणजे तुम्ही आई नाही?"

"आता मीच आई म्हणायची. तिला आणखी पाच आहेत, तिला झेपत नव्हतं. मावशी म्हणाल्या, आवडेल तो उचला. आम्ही हा उचलला."

"उचलला." त्या सावकाश म्हणाल्या. "काही कायदेशीर कागद?"

मला वाटलं, जातिवंत कुत्र्यांचे असतात तसले कागद विचारतायत. म्हटलं, "नाही मॅडम, तसला नाही तो. साधाच, गावातला."

तुम्हाला सांगते, डॉक्टर फोनवर गप्प झाले की आपल्या कानात रक्त वाजायला लागतं. मला वाटलं, यांना आजार कळलाय आणि माझ्याशी कसं बोलावं ते सुचत नाहीये.

"खायला काय देता त्याला?"

मी खरं खरं सांगितलं. डॉक्टरांपासून काही लपवू नये. ताक, अंडं, भोपळा, चिकनचं सूप, सगळं. बिस्किटाचंही सांगितलं, नितीनचं नाव घेऊन.

"अडीच महिन्यांच्या बाळाला चिकन सूप?"

"नुसतं पाणीच, मॅडम. हाडं नाही दिली अजून."

"झोपतो कुठे?"

"पोर्चमध्ये. खाली पोतं घालते. बांधून ठेवावं लागतं, नाहीतर घरभर घाण करतो. सुरुवातीला फार रडायचा, आता सवय झाली."

यावर त्यांचा आवाज पार बदलला. एकदम थंड. "मला पत्ता सांगा. नीट सांगा. त्याला आता काहीही खायला देऊ नका आणि घर सोडून कुठेही जाऊ नका. मी माणसं पाठवते."

फोन बंद झाला. माणसं पाठवते. म्हणजे इतका भयंकर आजार असणार की पिल्लू दवाखान्यात नेण्याचीही परवानगी नाही. संसर्ग असेल. ते सोन्याला घेऊन जातील आणि मला परत देणार नाहीत.

मी नितीनच्या कंपनीच्या गेटवर फोन करून निरोप ठेवला, "ताबडतोब घरी या, सोन्याला न्यायला माणसं येतायत." पोर्च फिनेलने धुतला. मग सोन्याला माझ्या जुन्या सुती साडीत गुंडाळून टोपलीत ठेवलं आणि आतल्या खोलीत नेऊन बाहेरून कडी लावली. म्हटलं, आधी माझ्याशी बोला, मग त्याला हात लावा.

थोड्याच वेळात स्कूटर थांबली. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर उतरल्या आणि त्यांच्या मागून खाकी वर्दीतल्या एक पोलीस बाई. संसर्गाला पोलीस? हे कोणतं दुखणं?

"सोन्या कुठे आहे?" सिस्टरनी विचारलं.

"आत. झोपलाय." मी उघड्या दारातून आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

"दाराला बाहेरून कडी का आहे?"

"तुम्ही न्याल म्हणून," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

पोलीस बाई मावळातल्याच होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, न्यायालाच आलोय आमी. रडून काय व्हनार न्हाई."

"नका नेऊ हो. माझं खाण्यापिण्यात चुकलं असेल, पण मी त्याला जिवापाड जपते."

"ह्याच्या आदी आनलं व्हतं का आसं कुनाचं?"

"आधी एक होता. माहेरी, मी लहान असताना. तो गाडीखाली गेला."

त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. "आन मग?"

"मग काय, बाबांनी त्याला परसात पुरलं. चाफ्याखाली."

पोलीस बाई पोर्चमधल्या खुर्चीवर बसल्या. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पोलिसात कळीवलं न्हाई?"

"त्यात पोलिसांना काय कळवायचं?" मी डोळे पुसत म्हटलं.

सिस्टर तडक दाराकडे वळल्या. त्यांनी कडी काढली आणि आत गेल्या. आम्ही दोघी मागे. टोपलीत साडीचं बोचकं, त्यात अजिबात हालचाल नाही. सिस्टर गुडघ्यावर बसल्या. त्यांनी साडीचा पदर अगदी हळुवार बाजूला केला.

आतून एक शेपूट बाहेर आलं.

सिस्टर तशाच बसून राहिल्या. सोन्याने तोंड बाहेर काढलं, त्यांचा अंगठा चाटला आणि जांभई दिली.

"जित्तं हाय का?" पोलीस बाईंनी दारातून विचारलं. त्यांच्याच्याने पुढे येववत नव्हतं.

"आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण हे कुत्र्याचं पिल्लू आहे."

"आन मूल कुटंय?"

"कुठलं मूल?" मी विचारलं.

मग माझं सकाळपासूनचं एकेक वाक्य मला परत ऐकू यायला लागलं. आईपासून तोडलंय. आवडला तो उचलला. पोर्चमध्ये बांधून ठेवते. गाडीखाली गेला. चाफ्याखाली पुरलं. पार्व्होची भीती कुठच्या कुठे गेली आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली, की आता आपल्याला नेतात.

"तुमी फोनवर कुत्रा म्हनला न्हाई का वो?" पोलीस बाईंनी विचारलं.

"पिल्लू म्हणायचंच राहिलं," मी म्हटलं, "आणि म्हटलं असतं तरी लोक लेकरालाही पिल्लू म्हणतातच की." हे मी पोलिसांना समजावत होते. शिक्षिका शेवटी.

त्यांनी चौकीला फोन लावला. "व्हय सायेब, बघितलं. सुखरूप हाय. न्हाई, ताब्यात न्हाई घेतलं. शेपूट हाय त्येला." मग बराच वेळ नुसत्या "व्हय, व्हय" म्हणत राहिल्या आणि शेवटी तोंडाला रुमाल लावून बाहेर गेल्या. बाहेरून त्यांच्या हसण्याचा आवाज आला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

सिस्टरांनी तळेगावच्या डॉक्टरांना फोन जोडून दिला. त्या मुलांच्या डॉक्टर. बिचाऱ्या दवाखाना टाकून स्वतः निघाल्या होत्या आणि वडगावपर्यंत पोचल्या होत्या. मी कसंबसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी गाडी बाजूला घेतलीय. दोन मिनिटं द्या मला. ते चिकन सूप माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं हो." आणि त्या हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही.

तेवढ्यात नितीन आला. कंपनीच्या कपड्यांतच, घामाघूम. दारात खाकी वर्दी बघून तो पायरीवरच थबकला.

"काय न्हाई दादा," पोलीस बाई म्हणाल्या, "बाळ बगायला आलतो."

सिस्टर जाताना म्हणाल्या, "वलवणला जनावरांचे एक डॉक्टर आहेत, रविवारी बघतात. पण बोलायचं ते ह्यांना बोलू द्या." ह्यांना म्हणजे नितीनला.

आता सोन्याचं काय झालं ते आधी सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहायला नको. त्याला पार्व्हो नव्हता. पोटात जंत होते, आणि वर मी दर खेपेला नवीन खाणं देऊन त्याच्या पोटाची दाणादाण उडवली होती. वलवणच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, दूध कायमचं बंद केलं, आणि सांगितलं की बिनमिठाचा मऊ भात आणि उकडलेलं थोडं चिकन, एवढंच. बदलायचं झालं तर हळूहळू, जुन्यात थोडं थोडं नवीन मिसळून. मी ते अक्षरशः पाळलं. सोन्या आता वासराएवढा झालाय आणि शेजारच्या आबांची भाकरी कुंपणावरून पळवतो.

पण त्या दिवशी वलवणला मी काय केलं, ते राहिलं. वाटेत नितीन बाइकवर मला बजावत होता, तू काही बोलू नकोस. मी सोन्याला छातीशी धरून मनात एकच घोकत होते की या वेळी घोटाळा नको, पहिल्याच वाक्यात सगळं स्पष्ट पाहिजे. दवाखान्यात आमचा नंबर आला. नितीन तोंड उघडणार, त्याच्या आत मी सोन्याला डॉक्टरांसमोरच्या टेबलावर ठेवलं आणि वर्गात म्हणते तशा खणखणीत आवाजात म्हटलं, "नमस्कार डॉक्टर. हा कुत्रा आहे."

डॉक्टरांनी सोन्याकडे पाहिलं. सोन्याने शेपूट हलवलं. मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि नितीनकडे वळून हळूच विचारलं, "आणि त्रास कुणाला होतोय?"