अक्कांच्या तोंडून बोललेली झाडं

अक्का आजारी झाडाच्या पानांकडे कधी बघायच्या नाहीत. सरळ कुंडीतल्या मातीत बोट खुपसायच्या, दुसऱ्या पेरापर्यंत, आणि ते बोट नाकाशी न्यायच्या. मी पिवळी पानं दाखवून काही सांगायला लागलो की म्हणायच्या, "पान समद्यात शेवटी रडतं, गुर्जी. आदी बूड रडतं. ते कुनाला ऐकू येत न्हाई."

मुळा धरणाच्या रस्त्यावर एक खाजगी नर्सरी होती. तिथे अक्कांनी उभी हयात रोजंदारीवर काढली. गुडघे गेल्यावर नर्सरी सुटली आणि राहुरीतल्या आमच्या कॉलनीत त्या घरोघरच्या कुंड्यांना पाणी घालायला येऊ लागल्या. मी मराठीचा निवृत्त शिक्षक. बायको गेली तेव्हा तिच्या कुंड्या मागे राहिल्या, आणि मला त्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. रोज सकाळी प्रत्येक कुंडीला एकेक तांब्या घालायचो. अक्कांनी पहिल्याच दिवशी माझा हात धरला. "हजेरी घेतल्यावानी पानी घालता व्हय? ज्याला तान न्हाई, त्यालाबी 'हजर' म्हनावं लागतंय बिचाऱ्याला."

पुढे माझ्या मुलीने पुण्याहून आल्यावर माझ्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं. लोक आपल्या घरातल्या झाडाचा फोटो त्यावर पाठवायचे आणि ह्याला काय झालंय म्हणून विचारायचे. उत्तर मात्र झाडाने स्वतः दिल्यासारखं लिहायचं, अशी त्या ॲपची गंमत होती. प्रत्येक उत्तरामागे लिहिणाऱ्याला थोडे पैसे मिळत आणि विचारणारा खूश झाला तर तारे देई. मुलगी म्हणाली, "बाबा, भाषा तुमची, झाडांचं ज्ञान अक्कांचं. पेन्शनला तेवढीच जोड."

पहिलं उत्तर मी एकट्याने लिहिलं. नाशिकच्या एका बाईंचा मनी प्लांट मान टाकून बसला होता. मी त्याच्या वतीने लिहिलं, "माझ्या मुळांना अतिरिक्त आर्द्रतेचा त्रास होत असून आपण जलसिंचनाचे प्रमाण कमी करावे, ही विनंती." बाईंनी एक तारा दिला. मी ते अक्कांना वाचून दाखवलं, तर त्या पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "गुर्जी, त्ये झाड हाय का शाळातपासनीस? मरायला लागल्यालं मानूस असं बोलतं व्हय?"

"मग कसं बोलतं?"

अक्कांनी पदर सावरला आणि मोबाईलमधल्या त्या बाईकडेच बघावं तसं बघत म्हणाल्या, "आगं माझे बाय, किती पाजशील? माझं पाय कुजलं चिखलात. दोन दिस मला उपाशी ठीव, मंग बघ कसा उभा ऱ्हातो."

मी ते जसंच्या तसं लिहून पुन्हा पाठवलं. पाच तारे आले, आणि चार दिवसांनी ताठ उभ्या वेलाचा फोटोही आला.

तेव्हापासून चारच्या सुमाराला आमची बैठक बसू लागली. अक्का पायरीवर, बशीत चहा. मी खुर्चीत, मांडीवर वही. मी फोटो मोठा करून दाखवायचो. माती काही फोटोतून हुंगता येत नाही, म्हणून अक्का बुडाचा फोटो मागवायच्या. कुंडीची खालची बाजू, भोकं, तबकडी. त्यानंतर खिडकीचा. आणि सगळ्यात शेवटी एकच प्रश्न विचारायला लावायच्या, "घरात पानी कोन घालतं?"

या प्रश्नातून अर्धे आजार उलगडायचे. पिंपरीच्या एका घरातली तुळस काही केल्या जगत नव्हती. चौकशी केली तर कळलं, सासूबाई पहाटे पाणी घालतात, सूनबाई आंघोळ झाल्यावर, आणि दोघी एकमेकींना सांगत नाहीत. अक्का म्हणाल्या, "लिवा. आवो, तुमच्या दोघींच्या पुन्यात माझा जीव चाललाय. एकीनं सोमवार धरा, एकीनं गुरुवार. आन् वार ठरवायला तरी एकमेकींसंगट बोला." त्या सूनबाईंचा पुढे निरोप आला होता. तुळशीपेक्षा बोलण्याबद्दलच त्यांनी जास्त लिहिलं होतं.

एका साहेबांनी केबिनमध्ये, एसीच्या खाली जास्वंद ठेवली होती. फुलं येत नाहीत अशी त्यांची तक्रार. अक्का ताबडतोब जास्वंद झाल्या. "सायेब, तुमी सा वाजता घरी जाता. मला ह्या गारठ्यात कोंडून जाता. तुमाला कुनी असं ठिवलं तर तुमी फुलाल का?" साहेबांनी जास्वंद घरी नेली.

आमच्या झाडांचं नाव होऊ लागलं. म्हणजे माझं. ॲपवर प्रत्येक उत्तराखाली माझा फोटो आणि माझं नाव असायचं. मिळालेले पैसे मी अक्कांना निम्मे द्यायचो, न चुकता, आणि यातच आपण फार सचोटीने वागतो असं मला वाटायचं. आज कळतं, पैसे वाटून घेणं सोपं होतं.

एक दिवस ॲपच्या कचेरीतून फोन आला. झाडांची उत्तरं आता ऐकूही यावीत, असं त्यांना करायचं होतं. हा आवाज कोणाचा आहे ते पाहायला आणि तो रेकॉर्ड करायला दोघं जण येणार होते. मी ते अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "येऊ द्या की. चहाला दूध जास्ती घेऊन ठिवा."

पुण्याहून एक मुलगा आणि एक मुलगी कॅमेरा घेऊन आले. अक्का अंगणात पाइप धरून उभ्या होत्या. मुलगी माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "सर, ही भाषा कमाल आहे. कुठून सुचते तुम्हाला?"

मी अंगणाकडे बोट दाखवायचं होतं. तेवढंच करायचं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "लहानपण खेड्यात गेलं. कानावर पडलेलं असतं, तेच लेखणीतून उतरतं."

मुलाने मान वळवून विचारलं, "आणि ह्या कोण?"

"ह्या आमच्याकडे झाडांना पाणी घालतात."

अक्कांनी नळ बंद केला. पाइप नीट गुंडाळून ठेवला, आत गेल्या आणि सगळ्यांसाठी चहा करून आणला. मग मी माझ्या वर्गात कविता वाचायच्या आवाजात झाडांची वाक्यं म्हटली. त्यांनी ती रेकॉर्ड केली.

आठवड्याने ते ॲपवर आलं. मी अक्कांना ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि हसून म्हणाल्या, "गुर्जी, तुमचं झाड लई शिकल्यालं हाय."

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी वही घेऊन बसलो आणि फोटो दाखवला. अक्का पायरीवर बसल्या नाहीत. "तुमीच लिवा आता. तुमाला येतंय की," म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. कुंड्यांना पाणी घालायला त्या त्यानंतरही दोन वर्षं आल्या, माझी चौकशी करायच्या, लोणचं आणून द्यायच्या. पण माझ्याकडे त्यांचं झाड पुन्हा कधी बोललं नाही.

मी लिहीत राहिलो. 'लई' आणि 'न्हाई' कुठे घालायचं ते आता जमत होतं. लोक तारे देतच होते. कोल्हापूरच्या एका बाईंनी मात्र विचारलं, "आधीचं झाड रागवायचं. हे नुसतंच समजावतं. तब्येत बरी आहे ना?" त्यानंतर थोड्याच दिवसांत मी लिहिणं थांबवलं.

अक्का आजारी पडल्या तेव्हा काष्टीला, मुलीकडे होत्या. मी जाऊन आलो. वाटेत एसटीत माफीची वाक्यं जुळवत होतो. पण खाटेजवळ बसल्यावर त्या माझ्याच शेवंतीची विचारपूस करत राहिल्या आणि मी शेवंतीबद्दल बोलत राहिलो. मराठीच्या मास्तराला एक वाक्य बोलता आलं नाही.

दशक्रिया विधीला नदीकाठी माईक होता. आमच्या भागात दहाव्याला चार माणसं उठून गेलेल्याबद्दल बोलतात. मी उठलो. म्हणालो, "ॲपवरच्या झाडांची ती उत्तरं माझी नव्हती. ती गयाबाई किसन जाधव यांची होती. मी फक्त लिहून घेतली, आणि लोकांना खोटं सांगितलं." खाली बसलो तर सूत्रसंचालकाने माईक हातात घेतला. "पाहा मंडळी, गुरुजींच्या मनाचा मोठेपणा! आपल्याकडे कामाला येणाऱ्या माउलीला आपलं सगळं श्रेय देऊन टाकलं!" माणसं माना डोलावू लागली. मी हात हलवून नाही नाही म्हणत होतो आणि ते त्यांना विनयासारखं दिसत होतं.

म्हणून हे कागदावर लिहितो आहे. इथे मध्ये कोणी माईक घेणार नाही.

माणसं पांगल्यावर अक्कांची मुलगी माझ्याजवळ आली. तिने मात्र माझं बोलणं खरं मानलं होतं.

"सर, एक इचारू? ती पोरं कॅमेरा घेऊन आल्ती ना तुमच्याकडं?"

"हो."

"त्या दिशी मी म्हायेरीच व्हते. आईनं माझ्या लग्नातलं हिरवं लुगडं काढल्यालं. पेटीतलं. मी म्हनलं, पानी घालायला चालली अन् ह्ये कशाला? तर म्हनली, आज माझा आवाज घ्यायला मानसं येनारेत."

मी रोज त्यांना पाहत होतो. त्या दिवशी त्यांनी काय नेसलं होतं, हे मला आजही आठवत नाही.