बावीस आजोबांचा भाडेकरू

पूर्वजांचा एवढा सोस असलेला माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा झाला नसेल, आणि तो नेमका आमच्या घरी भाड्यानं येऊन राहिला, जिथे जात-कूळ विचारणाऱ्याला चहासुद्धा मिळत नसे. सत्तरीच्या दशकातली गोष्ट. तो सोमालियाहून कॉलेजात शिकायला आलेला, ताडमाड उंच, आमच्या दारातून वाकून यायचा. पहिल्याच दिवशी त्यानं मोडक्यातोडक्या हिंदीत बाबांना विचारलं, "आपका खानदान कौनसा?" बाबा छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन जात मागे टाकून आलेले. "या घरात ते विचारत नाहीत गा!" ते कडाडले. बिचारा गोंधळला. त्याच्या मुलखात ते न विचारणं म्हणजे पाहुण्याला पाणी न विचारणं. आई मध्ये पडली म्हणून त्याची खोली टिकली.

संध्याकाळी तापलेल्या गच्चीवर पाणी शिंपडून तो बसायचा आणि वडील, आजोबा, पणजोबा अशी बावीस नावं एका सुरात म्हणायचा. दहाव्या नावाला त्याचे डोळे मिटत, पंधराव्याला आमचे. मग ओल्या गच्चीच्या वासात कुठून कुठून उंट चालत यायचे, धुपाची झाडं यायची, समुद्रात घुसलेलं एक उघडंबोडकं भूशीर यायचं. त्याचं कूळ मजेर्तीन. त्या भूशिरावर परकी जहाजं फुटायची आणि वाचलेल्या खलाशांना सांभाळायचा करार इंग्रजांनी त्यांच्या सुलतानाशी केला होता. देश स्वतंत्र झाल्यावर याच कुळातले पंतप्रधान झाले, हे तो अशा थाटात सांगे की ते आमच्याच माडीवरून उठून शपथेला गेले असावेत. गांधीबागेच्या कापडबाजारात तो लुंगी घ्यायला गेला की दोन तास परतत नसे. दुकानदाराला आधी त्याचे पूर्वज विचारायचे, मग स्वतःचे बावीस ऐकवायचे. एक दुकानदार स्वतःच्या सातव्या पूर्वजावर हरला आणि त्यानं दुकान सोडून याला आमच्या घरापर्यंत आणून पोचवलं, ते फक्त याची पुढची नावं ऐकायला.

त्याच्या देशात लष्करी सरकार आलं होतं आणि त्यानं कुळाचं नाव घ्यायलाच बंदी केली होती. कुळाभिमानाचा पुतळा करून तो समारंभानं पुरलासुद्धा. "मग लोक आता विचारतात, तुमचं माजी कूळ कोणतं?" हे सांगताना तो हसून हसून आडवा झाला. तोवर त्याला आमची बोली चांगली जमली होती. बाबाही त्या दिवशी पहिल्यांदा खळखळून हसले. "आमचीबी माजीच आहे गा," म्हणाले, आणि आईला चहा टाकायला सांगितला.

मग तिकडे काही अधिकाऱ्यांनी उठाव केला, तो फसला. त्यातले बहुतेक त्याच्याच कुळाचे निघाले. सरकार सगळ्या कुळावर उलटलं. याच्या पासपोर्टची मुदत नेमकी तेव्हाच संपत आली. दिल्लीत त्याच्या देशाच्या वकिलातीतल्या अधिकाऱ्यापुढे वाडवडिलांची नावं सांगावी लागणार, आणि चार-पाच नावांत कूळ उघडं पडणार. दुसऱ्या कुळातला त्याचा एक मित्र म्हणाला, माझे आजोबा घे. झालं! आठवडाभर हा गच्चीवर उसने आजोबा पाठ करत होता. रोज पाचव्या नावाला अडखळायचा. आम्ही बहिणी हसायचो, पण तो हसत नव्हता.

शेवटी तो बाबांपुढे येऊन बसला. "बाबूजी, तुम्ही तं जात सोडून देली. मले काहून जमून नाही राहिलं?"

बाबा म्हणाले, "आम्ही आमच्या मर्जीनं सोडली गा. तुह्यं कूळ ते लोक हिसकून घेऊन राहिले. पण जीव सांभाळ. नावं पोटात ठेव."

पोटात ठेवायचं ठरवूनच तो दिल्लीला गेला आणि पासपोर्टाशिवाय परत आला. उसनी चार नावं नीट सांगितली म्हणे, पाचव्याला जीभ फिरली. "काय करू बाबूजी, माह्या आजोबानं ऐकलंच नाही," असं म्हणून तो हसला. घरी जायची वाट बंद झाली होती. काही महिन्यांनी निर्वासिताचे कागद मिळवून तो कुठल्याशा थंड देशात गेला. एक पत्र आलं, मग तेही थांबलं.

तो गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी बाबा वही घेऊन माझ्याजवळ आले. "लिही वं," म्हणाले. स्वतःचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं. मी पुढच्या ओळीवर पेन टेकवून वाट पाहत राहिले.

"माह्या पणजोबाले गावात सारे जातीच्याच नावानं हाक मारत," बाबा म्हणाले. "खरं नाव काय होतं, कोणी ध्यानात ठेवलंच नाही."

मला रडू आलं. ती ओळ मी मोकळी सोडली, आणि बाबांनी वही मिटून माझ्या हातात दिली.