कोलाच्या संग्रहालयातली दुपार

परवा वसईतल्या पापडी गावात एका लग्नात कुणीतरी शेजारी कोलाची बाटली उघडली. तो गोड, नाकात चुरचुरणारा वास आला आणि वीसेक वर्षांपूर्वीची अमेरिकेतली एक दुपार आठवली.

आई आणि मी पहिल्यांदाच दादाकडे गेलो होतो. त्यानं आम्हाला एका प्रसिद्ध कोलाच्या संग्रहालयात नेलं. जुन्या बाटल्या, जाहिराती बघत शेवटी आम्ही चव घेण्याच्या दालनात पोचलो. पायाखाली फरशी चिकट झाली होती, पोरांचा नुसता कलकलाट होता. दादा सारखा पेले भरून आणत होता, स्वतः मात्र एक घोटही घेत नव्हता. आईलाही चैन पडेना.

"वसईला कायमचा कधी येतोस?" तिनं विचारलं.

"आई, मी इथंच लग्न ठरवलंय. मुलगी इथलीच आहे."

मला आईकडे बघवेना. दादाचा रागच आला. ही काय सांगायची जागा? आता वाटतं, घरात तिचं रडणं त्याला सोसलं नसतं, म्हणून त्यानं ती गर्दी निवडली असावी.

आई रडली नाही. म्हणाली, "आधी सांगायचंस ना रे. तिच्यासाठी साडी आणली असती."