मिस्ड कॉल परत करायचा नाही

"हिला पाठवा मटणाच्या दुकानात. ह्यांच्याकडे कापाकापी घरचीच असते."

हृदय शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख हे म्हणाले. माझ्या फेलोशिपचा पहिला दिवस, सकाळचे नऊ, समोर माझ्याबरोबरचे पाच डॉक्टर. पाचही जण हसले. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून मी फार शूर आहे असं वाटेल.

नाशिकमधलं हे मोठं हॉस्पिटल. नाव सांगत नाही. सर्जरी शिकणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरांपैकी सहा जणांना तिथं वर्षभराची संशोधन फेलोशिप मिळते. सकाळी संशोधन, दुपारी बकऱ्याच्या हृदयावर टाके घालायचा सराव. वर्ष संपलं की सरांचं शिफारसपत्र. ते हातात पडलं की हृदयाचा सर्जन व्हायची वाट मोकळी. नाही पडलं तर जन्मभर अपेंडिक्स काढत बसा. मला ते पत्र हवं होतं. सुरगाण्याकडच्या आमच्या पाड्यावरून माझ्याआधी कुणी बारावीसुद्धा झालेलं नव्हतं. मला ते फार हवं होतं.

म्हणून मी रोज जुन्या नाशकात जाऊन स्टीलच्या डब्यात सहा हृदयं आणायची. धुवायची, आतल्या गुठळ्या काढायची, ट्रेमध्ये मांडायची. पाच जण टाके घालायचे. सहावं हृदय सर स्वतः घ्यायचे, पोरांना दाखवायला. "तू उद्या कर." तो उद्या काही उजाडला नाही. डबा धुतला तरी हाताचा वास जात नसे. मेसमध्ये मी भाकरी चमच्याने तोडायला बघायची आणि बाकीचे एकमेकांना कोपरखळ्या मारायचे.

संशोधनातही माझ्या वाट्याला आला तो फोन. ज्यांच्या हृदयात धातूचा व्हॉल्व्ह बसवलाय, ते ऑपरेशननंतर कसे आहेत याची विचारपूस करून नोंदवहीत लिहायचं. बरेचसे पेठ, सुरगाण्याकडचे. "तुमच्या लोकांची भाषा तुलाच कळते," सर म्हणाले. नियम सोपा. अकरा ते एक या वेळात तीन दिवस फोन लावायचा. नाही उचलला तर 'संपर्क तुटला' असं लिहायचं आणि पुढच्या नावाकडे जायचं. मेलेल्यांच्या आकड्यात ही नावं धरत नाहीत. त्यामुळे आमच्या विभागाचा निकाल फार छान दिसायचा.

अजून एक नियम होता. "मिस्ड कॉल आला तर परत करायचा नाही. एकदा केलास की डोक्यावर बसतात."

आता हे मला कळायला हवं होतं. आमच्याकडे पाड्यावर रेंज नसते. टेकडीवर चढायचं, एका ठरावीक दगडाजवळ उभं राहायचं, फोन लावायचा. दोन रिंगा होतात आणि तुटतो. मग तिथंच बसायचं. समोरचा परत लावेल म्हणून. आमच्याकडे मिस्ड कॉल म्हणजे निरोप. मी वसतिगृहात असताना माझे वडील असेच बसायचे त्या दगडापाशी, आणि मी वॉर्डनबाईंच्या हातापाया पडून फोन परत लावायची. हे सगळं मला माहीत होतं. मी सरांना सांगितलं नाही. मान हलवली.

त्या यादीत एक ताई होती. आमच्या पाड्यापासून दोन ओहोळ पलीकडची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. धातूचा व्हॉल्व्ह वाजतो. शांत खोलीत शेजारी बसलं तर घड्याळासारखा टिकटिक ऐकू येतो. ऑपरेशननंतर वॉर्डात ती मला म्हणाली होती, "बाई, आता मला चोरी करता यायची नाय. लगेच सापडंन." आणि टाक्यांवर उशी दाबून हसली होती.

भात लावणीच्या दिवसांत तिचं नाव आलं. अकरा ते एक. शेतात चिखलात उभा असलेला माणूस टेकडीवर कसा जाईल? तीन दिवस फोन लागला नाही. त्याच आठवड्यात विभागाच्या फोनवर एका नंबराचे मिस्ड कॉल पडलेले दिसत होते. सकाळी सातचे. नंबर तिचाच होता. मी पाहिला. 'संपर्क तुटला' असं लिहिलं, आणि चहाला गेले.

दिवाळीला घरी निघाले. वणीवरून सुरगाण्याची एसटी. फाट्यावर उतरले तर तिचा नवरा उभा. त्याने मला ओळखलं. मी विचारलं, "ताई कशी आहे?"

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"हिरड्यांतून रगत यायला लागलं. आम्ही म्हटलं, गोळीनंच होतंय. म्हनून गोळी अर्धी केली. इचारायला फोन लावला, लागायचा आन तुटायचा. तीन सकाळी टेकडीवर बसलो, बाई. वाटलं, तुमी कराल."

"मग?"

"मग तो आवाज बसत गेला. घसा बसतो तसा. आमाला वाटलं, मशीन अंगात मुरलं. ती बोलली, बरं झालं, आता कोनी हसनार नाय. मग एका सकाळी उठलीच नाय."

रक्त पातळ ठेवणारी ती गोळी कमी पडली की व्हॉल्व्हवर रक्त गोठतं आणि टिकटिक बसते. धावत दवाखाना गाठायचा. हे मी परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी मार्क घेतले होते. आणि इथं ही दोन माणसं तो आवाज बसला म्हणून खूश होती. कारण त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ आली तेव्हा फोन माझ्या टेबलावर होता.

दिवाळीचे चार दिवस मी घरातच बसून काढले. आई विचारत राहिली. तिला काय सांगू?

परत आल्यावर सगळ्यात आधी नोंदवही काढली. 'संपर्क तुटला' वर रेघ मारली. 'मृत्यू' लिहिलं. खाली लिहिलं: नातेवाइकाने तीन वेळा फोन केला होता, परत केला नाही.

दुपारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. आवाज अगदी मऊ. सर ओरडतात तेव्हा कुणी घाबरत नाही, मऊ बोलतात तेव्हा सगळे घाबरतात.

"हे काय लिहिलंस?"

"ती मेली, सर."

"खोड. पूर्वीचं लिही. खाली सही कर."

"ती मेली आहे."

"कोट्यातून आलेल्यांनी जरा उपकार जाणावेत. पत्र पाहिजे ना तुला?"

खोटं कशाला बोलू? डोळ्यांसमोर आईवडील आले, पाडा आला, ते पत्रही आलं, सरांच्या सहीसकट.

"पत्र पाहिजे," मी म्हणाले. "सही करणार नाही."

सर हसले. "जा."

दुसऱ्या दिवशी डब्यात एकच हृदय घेऊन गेले. पाच जण रिकाम्या ट्रेपुढे उभे. मी माझं हृदय धुतलं, बसले आणि टाके घालायला लागले. पहिला टाका फाटला. दुसरा बसला.

त्या दिवसापासून माझ्याशी कुणी बोलत नाही. नोंदवही कुलपात गेली. फोन दुसऱ्याकडे दिला. पाचांमधला एक जण जिन्यात हळूच म्हणाला, "माफी माग. सरळ संपवतील तुला." तो खोटं बोलत नव्हता. माझी परीक्षा सरांच्याच हातात आहे. ड्यूटीच्या यादीत माझं नाव कधी असतं, कधी नसतं, आणि का, ते कुणी सांगत नाही.

तो फोन मात्र अजून तसाच चालतो. अकरा ते एक. मी जवळून जाते तेव्हा टेबलावर त्याचा पडदा उजळतो आणि विझतो. कुणी बघत नाही. कुठल्या तरी टेकडीवर कुणीतरी बसलेलं असणार. कुणाचा तरी आवाज बसत चालला असणार.

'संपर्क तुटला' खालची नावं वहीत बंद आहेत, पण त्यांचे पाडे मला माहीत आहेत. रजेच्या प्रत्येक दिवशी मी एक पाडा गाठणार. जिवंत असेल त्याच्या छातीला कान लावणार. मेला असेल त्याला मेला लिहिणार.

हॉस्पिटलच्या नीतिमत्ता समितीकडे अर्ज दिला आहे. शिक्का मारलेली पोच माझ्यापाशी आहे. या मृत्यूला जबाबदार कोण, या मुद्द्याखाली पहिलं नाव मी माझं लिहिलंय. दुसरं सरांचं. काल समितीतून निरोप आला, दुसरं नाव खोड, पहिल्याचं आम्ही सांभाळून घेऊ.

दोन्ही नावं राहतील.